गझालीनं विज्ञान बुडवलं, हे वाक्य आपण किती दिवस असंच म्हणत राहणार?

रामबागकर

मंडळी, मागच्या आठवड्यात इथे इंदूरलाच एका व्याख्यानाला गेलो होतो, विषय चांगला होता, पण वक्ते बोलता बोलता म्हणाले की अल-गझालीनं कार्यकारणभाव नाकारला आणि तिथून इस्लामी जगातलं विज्ञान संपलं. सगळ्या हॉलनं माना डोलावल्या. हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की आता राग येतो, कारण म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या माणसानं नेमकं काय लिहिलंय ते उघडून पाहिलेलं नसतं.

थोडक्यात सांगतो. गझाली (१०५८–११११) बगदादच्या निझामिया मदरशात शिकवायचा. १०९५ च्या सुमारास त्यानं 'तहाफुत अल-फलासिफा' ('तत्त्वज्ञांची विसंगती') हा ग्रंथ लिहिला, त्यात तत्त्वज्ञांच्या, मुख्य म्हणजे वैद्य-तत्त्वज्ञ इब्न सीनाच्या, वीस मतांवर हल्ला आहे. सतरावा मुद्दा कार्यकारणाचा. तिथे तो म्हणतो, कापूस आगीजवळ नेला आणि जळाला, यात तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलंत? आग जवळ आली तेव्हा कापूस जळला, एवढंच. आगीमुळेच जळला आणि दुसरं काही होणं शक्यच नव्हतं, ही सक्ती तुम्हाला कुठे दिसली? जाळतो तो देव, आणि तो रोज एकाच रीतीनं जाळतो म्हणून आपल्याला तसं गृहीत धरायची सवय लागलीये.

आता देव बाजूला ठेवा (ज्यांना ठेवायचाय त्यांनी), प्रश्न तरी खोटा आहे का? १७४८ साली एडिंबरोच्या डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञानं जवळपास हाच प्रश्न विचारला तर त्याला आपण आधुनिक तत्त्वज्ञानाचा पाया म्हणतो. गझालीनं साडेसहाशे वर्षं आधी विचारला तर तो विज्ञानाचा मारेकरी? हा न्याय मला कळत नाही.

त्याच प्रकरणात अजून एक उदाहरण आहे, मला ते कापसापेक्षा जास्त आवडतं. एक जन्मांध माणूस, त्याच्या डोळ्यांवरचा पडदा भर दिवसा दूर होतो आणि त्याला रंग दिसायला लागतात. त्याची खात्रीच पटते की डोळे उघडले हेच दिसण्याचं पुरेसं कारण. मग संध्याकाळी सूर्य मावळतो, डोळे उघडे आहेत आणि काही दिसत नाही, तेव्हा कुठे त्याला कळतं की या सगळ्यात उजेडाचा हात होता. दिवसभर न बदलणारी गोष्ट त्याच्या लक्षातच आली नव्हती! हे लिहिणारा माणूस विज्ञानाचा शत्रू वाटतो का तुम्हाला?

आणि प्रस्तावनेत तर त्यानं स्वच्छ लिहिलंय की ग्रहणाचं गणित सिद्ध झालेलं आहे आणि धर्माच्या नावानं त्याच्याशी भांडणारा माणूस धर्माचंच नुकसान करतो.

कॅटरोडवाला

रामबागकर, लेख मनापासून आहे पण मी पूर्ण विरोधात आहे. माझं आयुष्य व्हॅक्यूम सिस्टिमवर काम करण्यात गेलंय. चेंबरमधलं प्रेशर अचानक चढलं की आम्ही काय करतो, हेलियमची बारीक धार एकेका जॉइंटवर सोडत जातो आणि डिटेक्टरवर नजर ठेवतो, ज्या फ्लँजपाशी (दोन पाइप जोडणारी कडी) सुई हलते तिथे लीक. कधी कधी अख्खी रात्र जाते. ती रात्र मी का घालवतो? कारण प्रेशर विनाकारण चढत नाही यावर माझा पक्का विश्वास आहे. ज्या दिवशी मी म्हणेन की फ्लँज आणि प्रेशर यांच्यात सक्तीचा संबंध नाही, ती फक्त एक सवय आहे, त्या दिवशी मी हेलियमचा सिलिंडर बंद करून घरी जाईन.

इब्न रुश्दनं (११२६–११९८) हेच उत्तर दिलं होतं, ते तुम्ही लिहिलं नाहीत. तो कॉर्डोबाचा काझी आणि वैद्य, म्हणजे धर्म आणि शरीर दोन्ही रोज हाताळणारा माणूस. त्याचं म्हणणं असं की जो कारणं नाकारतो तो बुद्धीच नाकारतो, कारण बुद्धीचं कामच मुळी वस्तूंना त्यांच्या कारणांसकट जाणणं हे आहे. आगीचा जाळण्याचा स्वभाव काढून घेतला तर 'आग' म्हणायला उरतं काय? आणि कुठलंच ज्ञान पक्कं नाही म्हणणाऱ्याचं हे म्हणणं तरी पक्कं कसं?

आणि इतिहासाचं म्हणाल तर, इस्तंबूलला तकी अल-दीननं वेधशाळा उभारली, ती १५८० मध्ये सुलतान मुराद तिसरा याच्या हुकमानं पाडली. त्याच वर्षांत तिकडे युरोपात, डेन्मार्कला, टायको ब्राहे हा खगोलशास्त्रज्ञ स्वतःच्या वेधशाळेतून वेध घेत होता. फरक दिसतोय ना?

रामबागकर

दादा, तुमचं हेलियमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तुम्हाला त्या रात्री काय लागतं? "आजवर प्रेशर चढलं की लीक सापडलं" ही नियमितता लागते. आगीत किंवा फ्लँजमध्ये काहीतरी अटळ, तर्कानं बांधलेलं बळ बसलंय हे मानायची गरज कुठे पडते? गझाली नियमितता नाकारतच नाही. विरोधक त्याला म्हणतात की मग घरी ठेवलेलं पुस्तक परत येईपर्यंत मुलगा झालेलं असेल असंही मानावं लागेल, तर तो म्हणतो की तसं होणार नाही हे आपल्याला ठाऊक असतं, देवाची रीत ठरलेली आहे आणि तिचं ज्ञान तोच आपल्याला देतो.

शिवाय त्याच प्रकरणात तो दुसराही मार्ग देतो, तो कुणी सांगत नाही. तो म्हणतो ठीक आहे, मानलं की आगीला जाळण्याचा स्वभाव आहे. तरी अंगाला अभ्रकासारख्या खनिजाची भुकटी फासून पेटलेल्या भट्टीत बसलेला माणूस जळत नाही, आणि ज्यानं हे कधी पाहिलं नाही तो ते साफ नाकारेल. म्हणजे स्वभाव असला तरी कुठल्या परिस्थितीत तो चालेल याची पूर्ण यादी आपल्याकडे नसते. तुम्ही लॅबमध्ये रोज याचाच अनुभव घेत असणार.

वेधशाळेबद्दल: टायकोची उरानिबोर्ग पण त्याच्या मरणानंतर १६०१ मध्ये पाडलीच की. त्यावरून डेन्मार्कच्या धर्मशास्त्रानं विज्ञान संपवलं असं कुणी म्हणतं का? आणि गझालीनंतर विज्ञान संपलं असेल तर १२५९ ची इराणातल्या मराघ्याची वेधशाळा कुठून आली, फुप्फुसातून होणारं रक्ताभिसरण सांगणारा इब्न अल-नफीस तेराव्या शतकातला कसा, पाण्यानं भरलेला काचेचा गोळा घेऊन इंद्रधनुष्य समजावणारा कमालुद्दीन फारिसी कुठला, आणि समरकंदला वेधशाळा उभारणारा उलुघ बेग कोण होता? इब्न अल-शातिर तर दमास्कसच्या मशिदीत नमाजाच्या वेळा ठरवायच्या नोकरीत होता, आणि त्याचं चंद्राचं गणित कोपर्निकसशी जुळतं.

सई_सुदामानगर

मी फिजिक्सची स्टुडंट आहे, फिलॉसॉफी स्वतः वाचते, काही चुकलं तर काकालोकांनी सांगावं. मला या चर्चेत एक बात राहून गेल्यासारखी वाटते. गझालीच्या अश्अरी परंपरेनं (सगळं देवाच्या इच्छेनं घडतं, वस्तूंत अटळ सक्ती नाही, असं मानणारा धर्मशास्त्राचा पंथ) विज्ञानाला नुसता धक्का दिला असं नाही, एका बाबतीत मदत पण केली. त्या काळचं खगोलशास्त्र अॅरिस्टॉटलच्या भौतिकशास्त्राला जखडलेलं होतं, पृथ्वी जड म्हणून मध्ये स्थिर, आकाश वेगळ्याच द्रव्याचं वगैरे, आणि हे सगळं अटळ म्हणून. अश्अरी लोक म्हणाले, अटळ काही नाही. चौदाव्या शतकातला ईजी तर म्हणतो की हे खगोलातले गोल कोळ्याच्या जाळ्यापेक्षाही तकलादू, गणितासाठी कल्पिलेले आहेत. आणि मग समरकंदचा अली कुश्जी (मृत्यू १४७४) म्हणाला की खगोलशास्त्राला अॅरिस्टॉटलच्या भौतिकशास्त्राची गरजच नाही, आणि नुसत्या निरीक्षणावरून पृथ्वी फिरत नाही असं सिद्ध करता येत नाही. कोपर्निकसच्या पुस्तकाच्या (१५४३) आधी! "हे असंच असलं पाहिजे" या आग्रहातून सुटका झाली म्हणून हा प्रश्न विचारता आला, असं मला वाटतं.

आणि आपल्या शेजारचीच गोष्ट. उज्जैनची वेधशाळा आपण सगळे शाळेच्या ट्रिपला बघून आलोय, सम्राट यंत्राच्या पायऱ्यांवर फोटो काढलेत. ती बांधणाऱ्या जयसिंहानं मुहम्मद शाह बादशहाच्या नावानं जी फारसी खगोल-सारणी केली तिच्यात उलुघ बेगच्याच ताऱ्यांच्या यादीला अयनचलनाची (पृथ्वीच्या आसाच्या हळू फिरण्यानं ताऱ्यांच्या स्थानात पडणाऱ्या फरकाची) दुरुस्ती लावून घेतलीये. प्रस्तावनेत तक्रार आहे की पितळेची यंत्रं लहान पडतात, आस झिजतात, वेध चुकतात, म्हणून दगड-चुन्याची मोठी यंत्रं बांधली. समरकंदची परंपरा अठराव्या शतकात माळव्यापर्यंत जिवंत होती, आणि आपण म्हणतो अकराव्या शतकात संपली.

मल्हारगंज

सईबेटा, छान लिहिलंस. मी संस्कृतचा माणूस, मला एकच दुःख आहे की या प्रश्नासाठी सगळे बगदाद आणि एडिंबरोला जातात. धूर आणि अग्नीची व्याप्ती (जिथे धूर तिथे अग्नी असा कायमचा संबंध) कधीच पक्की होत नाही हे चार्वाकांनी केव्हाच म्हणून ठेवलंय. सगळे धूर, सगळे अग्नी, भूतकाळातले आणि भविष्यातले, पाहिले कुणी? त्यावर उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत उत्तर दिलं की शंका व्याघातापर्यंतच (स्वतःच्याच वागण्याशी विसंगती येईपर्यंतच) चालते. म्हणजे, तुला खरोखरच शंका असेल तर धूर हवा असताना तू अग्नी का पेटवतोस? भूक लागल्यावर का जेवतोस? तुझं वागणंच तुझी शंका खोडून काढतं. कॅटरोडवाल्यांची हेलियमची रात्र म्हणजे उदयनाचंच उत्तर आहे, आणि मला ते इब्न रुश्दच्या उत्तरापेक्षा सरस वाटतं, कारण ते वस्तूच्या स्वभावावर अवलंबून नाही, करणाऱ्याच्या कृतीवर आहे.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की श्रीहर्षानं बाराव्या शतकात उदयनाचाच श्लोक उलटवून टाकला: व्याघात दाखवायचा तर त्यासाठीही शंका असावी लागते, मग शंका थांबली कुठे? तो वाद आमच्याकडे शतकानुशतकं चालला. तुमच्या वादालाही घाई करू नका.

रामबागकर

सर, नमस्कार. उदयनाचार्य आणि इब्न सीना जवळपास एकाच काळातले आणि दोघं एकाच गाठीशी झगडत होते हे वाचून अंगावर काटा आला. पण एक शंका. कृतीवरून शंका खोडली जाते ती रोजच्या व्यवहारापुरती ना? मी चूल पेटवतो यावरून माझा भरवसा सिद्ध होतो, अग्नीतली सक्ती सिद्ध होत नाही. गझाली पण चूल पेटवतच असणार.

डॉक्टरबाई_टिळकनगर

इब्न सीनाचं (९८०–१०३७) नाव इथे फक्त मार खाणारा म्हणून आलंय, ते मला खटकलं, कारण औषधं देणाऱ्याला या सगळ्यांत तोच जवळचा वाटतो. त्याचं उदाहरण सकमुनियाचं आहे, ही एक रेचक वनस्पती. परत परत दिली, परत परत पित्त बाहेर पडलं. नेहमी किंवा बहुतेक वेळा घडणारी गोष्ट योगायोग नसते, तेव्हा तिच्यात तसा काही गुण असणार, असं तो म्हणतो. इथवर सगळे सांगतात. पण पुढे तो स्वतःलाच अडवतो: ज्यानं फक्त सुदानातली माणसं पाहिली तो म्हणेल की सगळी माणसं काळीच असतात, मग अनुभवावर विश्वास ठेवायचा कसा? आणि उत्तर देतो की अनुभवातून मिळणारं ज्ञान सार्वत्रिक असतं पण अटीसह, ज्या परिस्थितीत पाहिलं त्या परिस्थितीपुरतं.

हे वाक्य प्रत्येक वॉर्डात लावावं असं आहे. आम्ही औषधाची ट्रायल एका देशातल्या, एका वयोगटातल्या लोकांवर झालेली वाचतो आणि इथे परदेशीपुऱ्यातल्या सत्तर वर्षांच्या आजींना तोच डोस लिहून मोकळे होतो, किडनीचा रिपोर्ट सुद्धा न बघता. गुण औषधात आहे यावर माझा विश्वास आहे, आणि तो कुठे लागू पडेल याची यादी अपुरी आहे हेही मला मान्य आहे. तेव्हा मला गझालीचा भट्टीतला माणूसही पटतो आणि सकमुनियाचा गुणही पटतो. पण "गुण वगैरे काही नाही, नुसती रीत आहे" हे म्हणणं मला पेशंटच्या समोर उभं राहून म्हणता येणार नाही. कारण एखाद्याला औषध लागू पडलं नाही तर मी कारण शोधते, आणि शोधताना मला शरीरात, औषधात शोधावं लागतं. रीत म्हटलं तर शोधू कुठे?

कॅटरोडवाला

डॉक्टरबाईंनी माझं म्हणणं माझ्यापेक्षा नीट मांडलं. त्यालाच धरून विचारतो. रामबागकर, तुम्ही म्हणता विज्ञानाला नियमितता पुरते. पण नियमितता मोडते तेव्हा काय? बुध ग्रहाची कक्षा न्यूटनच्या हिशोबापेक्षा थोडी जास्त सरकत होती, शंभर वर्षांत साधारण ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) इतकीच. "रीत आहे, कधी बदलते" म्हणणारा तिथे थांबला असता. कारण असलंच पाहिजे म्हणणाऱ्यांनी आधी एक नवा ग्रह शोधून पाहिला, तो मिळाला नाही, तरी सोडलं नाही, आणि १९१५ ला आइन्स्टाइनकडून उत्तर आलं. "असलंच पाहिजे" हा हट्ट काढला तर हे घडतं का? कुश्जीबद्दल सई म्हणते ते मान्य, दार उघडायला अश्अरींचा उपयोग झाला असेल. पण दारातून आत जाऊन शोधायला लावणारा हट्ट इब्न रुश्दचा आहे.

रामबागकर

तुमचा हा आक्षेप सगळ्यात भारी आहे आणि मी तो टाळणार नाही. हट्ट हवाच. पण तो हट्ट म्हणजे शोधण्याचा नियम आहे, जगाबद्दलचं सिद्ध झालेलं सत्य नाही, एवढाच माझा मुद्दा. रेडियमचा एक अणू घ्या. अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं हे आपल्याला पक्कं माहीत आहे, पण हाच अणू आत्ताच का फुटला आणि शेजारचा का नाही, याला क्वांटमच्या नेहमीच्या मांडणीत कारणच नाही. तिथे भौतिकशास्त्रज्ञांनी "असलंच पाहिजे" हा हट्ट सोडला, नियमितता ठेवली, आणि विज्ञान चालू राहिलं. तेव्हा हट्ट कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा हे आधीच ठरवता येत नाही, आणि हे ठरवता येत नाही असं म्हणायला जागा ठेवणारा माणूस मला गझालीत दिसतो.

कॅटरोडवाला

क्वांटममध्ये पण तरंगफलनाचं (कणाच्या अवस्थेचं गणिती वर्णन) समीकरण आहे, शक्यता किती ते तेच ठरवतं, ते कुणाच्या मर्जीवर नाही. आणि अणूला कारण नाही हे सुद्धा लोकांनी कारण शोधून शोधून, छुप्या चलांवर (आपल्याला न दिसणाऱ्या कारणांवर) भौतिकशास्त्रज्ञ बेलच्या १९६४ च्या प्रमेयानंतर प्रयोग करकरून मान्य केलंय, आधीच देवावर सोडून नाही. मी हटत नाही. रविवारी सराफ्यात भेटा, सईला आणि डॉक्टरबाईंना पण आणा, तहाफुतचा सतरावा मुद्दा आणि त्यावरचं इब्न रुश्दचं उत्तर, दोन्हीच्या प्रिंट काढून आणतो, ओळ न् ओळ बघू.