मदत हवी आहे : टिबुकलीच्या पिल्लांचे फोटो
नमस्कार मंडळी. नवेगावबांधजवळच्या आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात टिबुकलीची, म्हणजे बुडी मारणाऱ्या छोट्या पाणपक्ष्याची, तीन पिल्लं निघाली आहेत. आईच्या की बापाच्या (मला तर दोघं सारखेच दिसतात) पाठीवर पिसांत शिरून बसतात, नुसती पट्ट्यापट्ट्यांची डोकी बाहेर. मी बेशरमाच्या झुडपाआड बसतो. लेन्स ७०-३०० मिमी. शटर १/५०० सेकंदाला ठेवलं तर फोटो हलतो, अन् जरा पुढे सरकलो की बुडी! काल दुसऱ्या घरट्यावरची टिबुकली घाईनं अंडी पाणवनस्पतीनं झाकून निघून गेली. माझ्यामुळेच. तेव्हापासून मन खातंय. तलावात मासे धरणारे ढिवरकाका म्हणतात, "डोंग्यात (छोट्या नावेत) बस ना बाबू, नेतो जवळ." ते काही पटत नाही. अंतर किती ठेवू? शटर किती? आडोसा दोन दिवस आधीच उभारून ठेवला तर पक्षी सरावतील का?