५एक्सएफएडी उंदीर टचस्क्रीनवर अडकलेत, स्मृती गेली म्हणायचं का?

बोका_लॅबवाला
मंडळी, ५एक्सएफएडी उंदरांवर (अल्झायमरचं मॉडेल म्हणून बनवलेले ट्रान्सजेनिक, म्हणजे बाहेरची जीन्स घातलेले) टचस्क्रीन चेंबरमध्ये व्हिज्युअल डिस्क्रिमिनेशन चालू आहे. दोन चित्रं, बरोबर चित्राला नाक लावलं की स्ट्रॉबेरी मिल्कशेक, चुकीच्याला लावलं की दिवा लागतो आणि ५ सेकंद टाइमआउट. वय ६ महिने. वाइल्ड टाइपवाले, म्हणजे ती जीन्स नसलेली भावंडं, ८० टक्क्यांवर पोचले (एक मठ्ठ सोडून), पण ट्रान्सजेनिकमधले तिघं पन्नाशीतच रेंगाळतायत, म्हणजे नाणं उडवल्यासारखं. गाइड म्हणतात डेफिसिट (स्मृतीतली कमतरता) मिळाला, लिहायला घे. मला काही पटत नाहीये कारण हेच प्राणी मस्ट टचमध्ये (आधीची सरावाची पायरी, चित्र दिसेल त्या खिडकीला नाक लावायचं) ३० ट्रायल झपाझप उरकायचे. काय म्हणायचं याला?

शेपटीवाला
पाण्यात टाका सरळ, मॉरिस वॉटर मेझ (हौदात पोहत बुडालेला प्लॅटफॉर्म शोधायचा). आठवड्याभरात निकाल, हे मिल्कशेकचे लाड कशाला :)

नाकपुडी
लिहायला अजिबात घेऊ नका. आधी सांगा, या तिघांना दिसतं का?
५एक्सएफएडी मूळ बी६एसजेएल या मिश्र बॅकग्राउंडवर बनवलेत आणि एसजेएलकडून आरडी१ नावाचं म्युटेशन येतं. त्याच्या दोन प्रती आल्या की रेटिनातल्या रॉड पेशी (प्रकाश टिपणाऱ्या) लहानपणीच मरतात, आईपासून वेगळं करायच्या वयापर्यंत उंदीर जवळपास आंधळा. वरून काही कळत नाही हो, पिंजऱ्यात छान फिरतो, मिशांवर सगळं भागवतो.
मस्ट टचमध्ये रिकाम्या खिडकीला नाक लावलं तर शिक्षा नसते ना, मग आंधळा प्राणीपण इकडे टोच तिकडे टोच करत ३० पूर्ण करतो. खरी गंमत पुढच्या पायरीला, पनिश इनकरेक्टला, जिथे रिकाम्या खिडकीला शिक्षा असते. तिथे किती सेशन लागले या तिघांना?

बोका_लॅबवाला
@नाकपुडी आता बोलायची लाज वाटते. तिथेच लटकले होते. बॅच मागे पडायला नको म्हणून आम्ही तसेच पुढे ढकलले.

नाकपुडी
मग झालंच की. शेपटीचा तुकडा ठेवलाय ना, आरडी१चा पीसीआर (डीएनए तपासणी) लावा. आणि फक्त ट्रान्सजेनिकचा नाही, वाइल्ड टाइपचासुद्धा, कारण हे म्युटेशन ट्रान्सजीनबरोबर बांधलेलं नाही, भावंडांत कुणालाही जाऊ शकतं.
@शेपटीवाला आणि वॉटर मेझमध्ये काय वेगळं होणार? भिंतीवरच्या खुणा बघूनच प्लॅटफॉर्म शोधायचा असतो, आंधळा तिथेही गोल गोल पोहत बसेल आणि तुम्ही म्हणाल हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मृतीचा भाग) गेला.

शेपटीवाला
बरोबर, माघार. दिसणाऱ्या प्लॅटफॉर्मची टेस्ट त्यासाठीच तर असते.

लेटन्सी_ताई
उशिरा आले. डोळ्यांचं झालं, पण समजा पीसीआर साफ आला तरी ‘स्मृती गेली’ एवढ्यावर म्हणता येत नाही हां. दोन चित्रांतलं एक ओळखणं हे काम हिप्पोकॅम्पसशिवायही बऱ्यापैकी जमतं. स्मृती बघायची तर पेअर्ड असोसिएट्स लावा, त्यात फूल डावीकडे, विमान मध्ये, कोळी उजवीकडे अशा जोड्या प्राण्याने शिकायच्या असतात, माणसांच्या कॅन्टॅबमधल्या (संगणकावरच्या स्मृती-लक्ष चाचण्यांचा संच) टेस्टवरूनच घेतलंय ते. फक्त वेळ जबरदस्त खातं, महिने जातात.
आणि लेटन्सी (लागलेला वेळ) बघितल्या का? बरोबर उत्तर दिल्यावर मिल्कशेकपर्यंत जायला किती वेळ लागतो तो आकडा फाइलमध्ये आपोआप पडतो, कुणी उघडून बघत नाही. दोन्ही गटांत तो सारखा असेल तर भूक आणि पाय शाबूत आहेत. ट्रान्सजेनिकमध्येच वाढला असेल तर आधी वजन बघा, मग स्मृतीच्या गोष्टी. तसंच डावा-उजवा हिशोब काढा, न दिसणारा किंवा कंटाळलेला उंदीर बहुतेकदा एकच खिडकी धरून बसतो, मग टक्केवारी आपसूक ५० येते.
लक्ष आणि स्मृती यातही गल्लत होते. २०११ मध्ये ३एक्सटीजी या दुसऱ्या अल्झायमर मॉडेलच्या उंदरांवर फाइव्ह चॉइस टास्कमध्ये (पाचपैकी कुठली खिडकी क्षणभर उजळली ते टिपायचं) लक्षाचा बिघाड दिसला आणि डोनेपेझिल हे अल्झायमरचं औषध दिल्यावर तो सुधारला. म्हणजे अल्झायमर मॉडेल असलं की आठवणीचंच बिनसणार असं धरून चालू नका.
(आणि रोज स्क्रीन पुसा बाई, सुकलेला मिल्कशेक आणि भुसा इन्फ्रारेडच्या आड आला की मशीन स्वतःच टच मोजतं.)

बोका_लॅबवाला
अपडेट. डावा-उजवा काढला, तिघंही सतत उजवीच खिडकी टोचत होते. पीसीआरपण आला: चौघांत आरडी१च्या दोन प्रती. ते तिघं, आणि चौथा तो मठ्ठ वाइल्ड टाइप, ज्याला आम्ही विश्लेषणातून काढायला निघालो होतो.