मदत हवी आहे: सॉकेटला अर्थिंगच नाही, गिझरचं काय करू?
गिझर २५ लिटरचा, २००० वॅटचा. जुनी वायर कडक होऊन तडकली होती, म्हणून तीन कोअरची १.५ स्क्वेअर एमएम केबल आणि १६ अँपिअरचा थ्री-पिन टॉप बसवला. हिरवी-पिवळी अर्थ वायर बॉडीला नीट लागलीय, मल्टीमीटरने तपासलं. घोळ भिंतीत आहे. सॉकेट उघडलं तर मोठ्या पिनच्या मागे वायरच नाही! टेस्ट लॅम्प फेज-न्यूट्रलवर पेटतो, फेज-अर्थवर नाही. वायरमन म्हणतो, न्यूट्रलवरून लूप मारतो, म्हणजे अर्थची पिन न्यूट्रललाच जोडतो. मला ते पटत नाही. न्यूट्रल तुटली की करंट थेट बॉडीत. तोवर गिझर बंदच ठेवलाय.

घर भाड्याचं, तिसरा मजला, भिंत फोडता येणार नाही. खाली मीटरबोर्डाशी अर्थिंगची पट्टी आहे. तिथून केसिंग पट्टीतून वेगळी अर्थ वायर आणायची तर किती जाडीची घ्यावी? की ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) एकटा पुरेल?