शहराकडे काय मागितलंत आणि हाती काय लागलं?

हवामानबदलाबाबत आपल्या शहराने जास्त काही करावं म्हणून ज्यांनी पालिकेचे उंबरे झिजवले, त्यांनी इथे लिहावं. निवेदन, मोर्चा, हरकती-सूचना, काहीही चालेल. हरलेल्यांनी तर जरूर लिहा. फक्त नेमकं काय मागितलं आणि पुढे त्याचं काय झालं, एवढं सांगा.

सुरुवात माझ्यापासून. आमच्या गटाने दोन वर्षं एकच मागणी लावून धरली: शहराने हवामान आणीबाणी जाहीर करावी, म्हणजे हवामानबदल हे तातडीचं संकट आहे असा ठराव करावा. मेलबर्नमधल्या डेअरबिन कौन्सिलने डिसेंबर २०१६मध्ये जगात पहिल्यांदा ती जाहीर केली होती. तेच उदाहरण घेऊन आम्ही दारोदार फिरायचो. ठराव एकमताने झाला. पायऱ्यांवर आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. त्यानंतर वर्षभर पानही हललं नाही. कोणी, कधीपर्यंत, किती पैशांत करायचं, हे आमच्या मसुद्यातच नव्हतं. त्याची रुखरुख आजही आहे.

*

ताई, तुम्ही लिहिलंत तिथूनच माझी गोष्ट सुरू होते. मी निवृत्त लेखापाल, आंदोलनं कधी केली नाहीत. शेजारच्या मुलीने शहराचा हवामान आराखडा वाचायला दिला. मी अंदाजपत्रक मिळवलं आणि दोन्ही शेजारी ठेवून तीन आठवडे बसलो. आराखड्यात बसगाड्या, झाडं, इमारतींची वीजबचत, सगळं होतं; अंदाजपत्रकात त्यातल्या बहुतेक कामांना लेखाशीर्षच, म्हणजे खर्चाची स्वतंत्र नोंदच, नव्हती. लेखाशीर्ष नाही ते काम होत नाही, हे मी आयुष्यभर पाहिलंय. रस्तारुंदीला मात्र भरघोस तरतूद.

ऑस्लो शहर २०१७पासून पैशांच्या अंदाजपत्रकासोबत हवामानाचंही अंदाजपत्रक मांडतं. कोणत्या कामाने किती उत्सर्जन घटेल आणि ते कोणत्या विभागाने करायचं, हे त्यात असतं. मी त्याच धर्तीवर दोन पानी तक्ता केला आणि समितीच्या प्रत्येक सदस्याच्या हातात दिला. एका सदस्याने विचारलं, "काका, तरतुदीचा रकाना रिकामा का?" मी म्हटलं, तो तुम्ही भरायचा आहे.

पुढच्या वर्षी तीन कामांना लेखाशीर्ष मिळालं. त्यातल्या एकाचा पैसा वर्षअखेरीस दुसरीकडे वळवला. तेव्हापासून दर तिमाहीला खर्चाचे आकडे मागायला जातो. आता तिथली मंडळी खुर्ची पुढे करतात.

*

आम्ही झाडं मागत होतो. आमच्या बैठकांना येणारे बहुतेक सावलीच्या रस्त्यांवर राहणारे, हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. एकदा पत्र्याच्या घरात राहणाऱ्या एक बाई आल्या. म्हणाल्या, "तुमच्या झाडाची सावली माझ्या नातवाला मिळेल. पत्रा आज तापतोय." डांबर आणि काँक्रीट दिवसभराची उष्णता रात्री सोडत राहतात, हे मी भाषणांत सांगायचे. तशा घरात रात्र काढणं म्हणजे काय, ते त्यांच्याकडून कळलं.

मागणी बदलली: छतांना ऊन परतवणारा पांढरा रंग, पालिकेच्या खर्चाने. अहमदाबादने २०१३मध्ये उष्णता कृती आराखडा केला होता, नंतर थंड छतांचंही काम हाती घेतलं; त्याची कागदपत्रं जोडली. सभागृहात मी बोलले नाही, त्या बोलल्या. एका वस्तीपुरतं काम मंजूर झालं. झाडांची मागणी सोडलेली नाही.

*

आमची सह्यांची मोहीम फसली. पुरेशा सह्या जमल्याच नाहीत. बर्लिनमध्ये मार्च २०२३च्या सार्वमतात, शहर २०३०पर्यंत हवामान-तटस्थ व्हावं (म्हणजे त्याच्या उत्सर्जनाने हवामानात निव्वळ भर पडू नये) याला होकार देणारे जास्त निघाले, पण एकूण मतदारांच्या एक चतुर्थांश होकार लागतात, तेवढे भरले नाहीत. ते वाचताना पोटात तुटलं होतं. आमच्याकडेही विरोधापेक्षा दारं न उघडणारेच जास्त भेटले. ऑक्टोबर २०२५मध्ये हॅम्बुर्गच्या मतदारांनी २०४०पर्यंत हवामान-तटस्थ होण्याच्या लक्ष्याला कौल दिला, तेव्हा आमचा जुना गट पुन्हा जमला. या वेळी आधी भाडेकरूंकडे जाणार आहोत. इमारतींच्या वीजबचतीसाठीच्या दुरुस्तीचा खर्च भाड्यात येईल ही त्यांची भीती रास्त आहे आणि मागच्या खेपेला आमच्याकडे तिला उत्तर नव्हतं.

*

मी पालिकेतच नोकरी करते, म्हणून शहर सांगत नाही. सगळे वाचले. आतली बाजू थोडक्यात सांगते. हजार सह्यांचं एक निवेदन आमच्याकडे एकच निवेदन म्हणून नोंदलं जातं. आराखड्याच्या मसुद्यातल्या अमुक पानावरच्या अमुक कलमाला लेखी हरकत आली, तर तिच्यावर उत्तर लिहावं लागतं. आणि तुम्ही मागता तेव्हाच मला टिपणीत "नागरिकांची मागणी आहे" असं लिहिता येतं. माझं स्वतःचं मत तिथे लिहिता येत नाही.

कचराभूमीत दबलेला ओला कचरा हवेविना कुजतो आणि त्यातून मिथेन निघतो. वीस वर्षांच्या हिशेबात तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशीपट तापवतो. आमच्या मसुद्यात त्यावर अर्धंच वाक्य होतं. मुदत संपायच्या आदल्या दिवशी त्याबद्दल एक सूचना आली, पान क्रमांकासह, हाताने लिहिलेली. ती मी टिपणीत सगळ्यात वर लावली आहे. बैठक पुढच्या मंगळवारी आहे.