तिबोटी खंड्याचं घरटं: ग्रुपवर लोकेशन टाकू द्यावं का?

खाडीकाठ
कोकणातल्या एका पक्षीनिरीक्षण ग्रुपचा ॲडमिन आहे. तीस जणांचा ग्रुप आता सहाशेवर गेलाय. जूनमध्ये तिबोटी खंड्या (छोटासा रंगीत किंगफिशर) आला की कुणीतरी घरट्याचं लोकेशन टाकतं आणि रविवारी ओढ्याकाठी ट्रायपॉडची रांग लागते. लोकेशनवर सरसकट बंदी घातली तर नवीन मंडळी शिकणार कशी?

रानवाट
बंदी घरट्यापुरती घाला, पण कारण सांगून. हा पक्षी ओढ्याच्या किंवा रस्त्याकडेच्या उभ्या मातीत बीळ करतो. उबवणी १७-१८ दिवसांची, पिल्लं उडायला पुढे जवळजवळ तीन आठवडे. नर-मादी दोघंही भरवतात. चोचीत सापसुरळी धरून पक्षी फांदीवर बसलाय, मान खालीवर करतोय, बिळात मात्र शिरत नाही: लोक जिला मस्त पोझ म्हणतात ती हीच. तो तुमच्यामुळे अडलाय आणि आत पिल्लं उपाशी आहेत. एकटा माणूस दहा मिनिटांत निघून जातो. वीस जण आळीपाळीनं आले की दिवसभराच्या खेपा बुडतात. त्यात फोटोच्या आड येते म्हणून बिळासमोरची फांदी तोडली, की घोरपडीला आयतीच वाट.

नोंदवही
व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर त्यातलं जीपीएस (फोटो काढल्याच्या जागेची नोंद) गळून पडतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसंच राहतं. हे बहुतेकांना माहीत नसतं. ग्रुपची जुनी लिंक रीसेट करा, नवा सदस्य ॲडमिनच्या मंजुरीनंतरच घ्या. आपोआप पुसल्या जाणाऱ्या मेसेजवर विसंबू नका, स्क्रीनशॉट आधीच निघालेला असतो.
नोंद मात्र जरूर करा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर जिओप्रायव्हसी (जागा किती दाखवायची ते ठरवणारं सेटिंग) ‘ऑब्स्क्युअर्ड’, म्हणजे अंधुक, ठेवली की नकाशावरचा ठिपका ०.२ अंशांच्या चौकोनात कुठेही पडतो, म्हणजे आपल्याकडे साधारण २० किमीचा घोळ. खरी जागा नोंदीत शाबूत राहते. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर चेकलिस्ट (एका फेरीतल्या पक्ष्यांची यादी) हंगाम संपेपर्यंत लपवता येते.

माळटिटवी
नुसतं लोकेशन लपवून भागणार नाही. मग ते चार जुन्या लोकांच्या खासगी ग्रुपात फिरतं, नवखे बाहेरच राहतात आणि गर्दी काही कमी होत नाही. खरी ओढ शाबासकीची आहे. घरट्याच्या फोटोला साठ अंगठे मिळाले की पुढच्या आठवड्यात तसेच दहा येतात. त्यामुळे लोकेशन असो-नसो, घरट्याचा फोटोच घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घरट्याला त्रास देणं शिकारीच्या व्याख्येतच येतं, हेही नियमात लिहा. नवख्यांना खाडीवर, तळ्यावर न्या. तिथे पंधरा जण उभे राहिले तरी चालतं.

खाडीकाठ
पटलं. पण रस्त्याकडेच्या बिळाचं काय? पावसाळ्यात गटार मोकळं करायला जेसीबी येतो, कडा खरवडतो.

रानवाट
अशी जागा ग्रुपवर न टाकता थेट त्या बीटाच्या (वनरक्षकाकडे असलेल्या भागाच्या) वनरक्षकाला कळवा, कुठल्या किलोमीटर दगडाजवळ, रस्त्याच्या कुठल्या बाजूला ते सांगून. बिळाजवळ झेंडी किंवा पाटी लावू नका, तीच गर्दीला बोलावते. आणि नियम मेअखेरीसच पिन करा. घरटं सापडल्यावर कुणी ऐकत नाही.