मदत हवी: रास्पबेरी पाय टीव्हीचा रिमोट शिकतो, एसीचा शिकत नाही

कडकऊन_परभणी
रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर दुसऱ्या रिमोटचे कोड शिकणारा रिमोट बनवतोय. टीव्हीचा लगेच शिकला. एसीचं बटण दाबलं की स्क्रीनवर ठिपके येतात आणि शेवटी 'गॅप सापडला नाही' म्हणून बंद पडतं. कुणाला जमलंय का? लवकर सांगा, ऊन वाढायलंय.

रेणापूरकर
पाय कोणता, रिसीव्हर कोणता, कुठल्या पिनला जोडलाय, प्रोग्राम कोणता? काहीच लिहिलं नाही तुम्ही.

फ्रिजवाला_दादा
युनिव्हर्सल एसी रिमोट घ्या की भाऊ, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. एवढा कुटाणा कशाला?

कडकऊन_परभणी
रिमोट आहे हो घरात! वडील अंथरुणाला खिळलेत, दुपारी घरी ते एकटेच. लाईट जाऊन आली की एसी बंदच राहतो, त्यांना उठता येत नाही. पायनं तो आपोआप चालू करायला हवा.
पाय 3बी, रिमोटचा सिग्नल पकडायला टीसॉप 1738 रिसीव्हर पाच व्होल्टवर, आऊटपुट पायच्या जीपीआयओ 18 पिनला. प्रोग्राम आयआर-रेकॉर्ड.

गोदाकाठ
एसीमध्ये ऑटो रिस्टार्ट असतं, मॅन्युअल बघा.

कडकऊन_परभणी
जुना आहे, त्यात नाही. बघूनच इथं विचारलं.

रेणापूरकर
आता कळलं. टीव्हीचा रिमोट एका बटणाला एक छोटा कोड पाठवतो, एनईसी या नेहमीच्या कोड पद्धतीत 32 बिट. एसीचा रिमोट दर वेळी सगळं पाठवतो: चालू-बंद, तापमान, मोड, पंखा. तेवढी लांबलचक रांग आयआर-रेकॉर्डला झेपत नाही. ते सोडा. आयआर-सीटीएल प्रोग्रामनं रिमोटचे कच्चे पल्स, म्हणजे सिग्नल जसाच्या तसा, फाईलमध्ये घ्या आणि तीच फाईल परत पाठवा. रिमोटवर 26 आणि कूल ठेवून 'चालू' एकदाच रेकॉर्ड करा. बहुतेक एसींमध्ये 'चालू'चा कोड वेगळा असतो, दोनदा गेला तरी एसी बंद पडत नाही.

जुना_रेडिओवाला
आधी ती 5 व्होल्टची वायर काढा! पायच्या पिनला 3.3 च्या वर चालत नाही, पिन जळेल.

गोदाकाठ
आऊटपुटला दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज कमी करा, झालं.

जुना_रेडिओवाला
नाही होत. टीसॉपच्या आतला पुल-अप, म्हणजे आऊटपुट वर ओढून धरणारा रेझिस्टर, मोठा असतो. बाहेर ते दोन रेझिस्टर लावले तर 'हाय' सिग्नलचा व्होल्टेज पार खाली बसतो. 1838 रिसीव्हर घ्या, तो 3.3 वर चालतो. त्याच्या पिनांचा क्रम मात्र 1738 पेक्षा वेगळा आहे, बघून जोडा.

ईएसपीप्रेमी
पाय कशाला? ईएसपी8266 या वायफायच्या चिपवर एसीच्या कोडची तयार लायब्ररी आहे, स्वस्तात होतं.

रेणापूरकर
त्यांच्याकडे पाय आहे, वेळ नाही.

नांदेडी_हवा
परभणीच्या कोरड्या हवेत कूलर एसीपेक्षा भारी. वाळ्याची ताटी लावा.

गोदाकाठ
कूलरला पाणी कोण भरणार, आजारी माणूस? आमच्याकडं उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते.

कडकऊन_परभणी
1838 लावला, 3.3 वर. आयआर-सीटीएलनं फाईल आली, लांबच्या लांब आहे. पाठवली तर एसी हूं की चूं करत नाही. सिग्नल पाठवणारा इन्फ्रारेड एलईडी एसीच्या अगदी तोंडाला धरला तेव्हा एकदाच बीप झाला.

जुना_रेडिओवाला
एलईडी थेट पिनला लावलाय ना? पायची पिन 16 मिलिअँपियरच्या आसपासच देते, खोलीभर पोचणार कसं? करंट वाढवायला मध्ये 2एन2222 ट्रान्झिस्टर घाला, त्याच्या बेस पिनला 1 किलोओहमचा रेझिस्टर, एलईडी 940 नॅनोमीटरचा. तपासायला मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघा, जांभळट चमकेल. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्यात बघा.

रेणापूरकर
पाठवायला पीडब्ल्यूएम-आयआर-टीएक्स ओव्हरले (पायच्या कॉन्फिग फाईलमधली एक सेटिंग) वापरा, सिग्नलची 38 किलोहर्ट्झ फ्रिक्वेन्सी स्थिर राहते. तो 18 नंबरची पिन घेतो, म्हणून रिसीव्हर 17 वर न्या आणि त्याच फाईलमध्ये तसं लिहा.
लाईट आली हे वेगळं ओळखायची गरजच नाही. पाय इन्व्हर्टरवर न ठेवता एसीच्याच लाईनवर ठेवा, लाईट आली की तोही सुरू होतो. बूट झाल्यावर तीन मिनिटं थांबून फाईल पाठवायची. काँप्रेसरला तेवढी उसंत हवीच. पायला घड्याळाची बॅटरी नसते, म्हणून 'फक्त दुपारी' अशी अट घालणार असाल तर इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत थांबवा.

कडकऊन_परभणी
ट्रान्झिस्टर आणतो. कमांड कुठं टाकायची? सुरू होताना चालणाऱ्या आरसी लोकल फाईलमध्ये चालेल का?

रेणापूरकर
त्यापेक्षा सिस्टमडीची सर्व्हिस करा, बूट झाल्यावर तीच कमांड आपोआप चालवते. आणि फाईल दोनदा पाठवा, मध्ये दहा सेकंद सोडून.

फ्रिजवाला_दादा
माझ्या पंख्याचा रिमोट हरवलाय, तोही यानं चालेल का?

जुना_रेडिओवाला
रिमोट हरवला तर शिकवणार कशावरून? पंख्याचा मॉडेल नंबर टाका, वेगळा धागा काढा.