बारावीनंतर कंपनीत नोकरी आणि सोबत डिग्री, खरं असतं का? (सोसायटी ग्रुप, रत्नागिरी)

ए-१०४ काकी: नमस्कार, एक विचारायचं होतं. आमचा मुलगा यंदा बारावी सायन्स झाला, सीईटीला बरे मार्क आहेत पण कम्प्युटरला हवं ते कॉलेज मिळेलसं वाटत नाही. परवा त्याने मोबाईलवर जाहिरात दाखवली, एक टेक कंपनी बारावीच्या मुलांना घेते, दर महिन्याला पैसे देते आणि वर डिग्रीपण मिळते म्हणे. आधी ट्रेनिंगची फी भरायची आहे. हे खरंच असं असतं का? ह्यांचं म्हणणं आहे की सरळ गोगटे कॉलेजला बीएस्सीला घाल.

बी-२०२ काका: वहिनी, नोकरी देणारा आधी पैसे मागतो म्हणजे लांबच राहा.

ए-३०३ दादा: सगळंच खोटं नसतं काका. एचसीएल कंपनीचं टेकबी आहे, बारावीला मॅथ्स असलेल्या मुलांना घेतात. विप्रो कंपनीचं विल्प आहे, ते बीसीए बीएस्सीवाल्यांना घेऊन नोकरी करता करता एमटेक करू देतात. पण सी विंगमधली ताई असंच काहीतरी करतेय ना पुण्याला? तिलाच विचारा की.

सी-३०१ आजी: अगो ती आत्ता जेवायला बसली असेल. सांगते तिला.

सी-३०१ ताई: काकी नमस्कार. हो, मी तेच करतेय, आता तिसरं वर्ष. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीला ऑफिस, शनिवारी पूर्ण दिवस युनिव्हर्सिटीची ऑनलाइन लेक्चर्स, सेमिस्टरच्या शेवटी परीक्षा. युनिव्हर्सिटीची फी कंपनी भरते आणि स्टायपेंड मिळतो, त्यात खोलीभाडं आणि मेस निघतं, घरून पैसे मागावे लागत नाहीत. आईबाबांना कर्ज काढायला लागलं नाही ही माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट आहे, म्हणून आधी तीच सांगते.

पहिले काही महिने नुसतं ट्रेनिंग, लिनक्स, गिट, जावा, एसक्यूएल अशी प्रोग्रामिंगची साधनं आणि भाषा. मग टीममध्ये टाकतात आणि तिथे खरं शिकणं सुरू होतं. आपल्याला वाटतं सॉफ्टवेअर इंजिनियर म्हणजे दिवसभर नवीन प्रोग्राम लिहायचा, तसं नसतं. दुसऱ्या कोणीतरी काही वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला कोड वाचायचा, तो असा का लिहिलाय ते शोधायचं, आणि चालू आहे ते न मोडता त्यात बदल करायचा, यातच निम्मा दिवस जातो.

माझं पहिलं काम सांगते म्हणजे कळेल. एका ग्राहकाच्या रिपोर्टमध्ये काही बिलं आदल्या दिवशीच्या तारखेला दिसत होती. सगळी नाही, फक्त काही. शोधत गेल्यावर कळलं की सर्व्हर यूटीसी म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेवर चालतो आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेत झालेलं बिल सर्व्हरच्या हिशेबाने कालचं. बदल जेमतेम चार ओळींचा होता. पण तो रिव्ह्यूला, म्हणजे दुसऱ्याने तपासायला टाकला तेव्हा सीनियर दादाने खाली विचारलं, हे बरोबर चालतं का ते तपासणारी टेस्ट कुठे आहे, बरोब्बर बाराला बिल झालं तर काय, आणि दुबईचा ग्राहक आला, तिकडची वेळ वेगळी, तर त्याच्या तारखेचं काय? त्या चार ओळींवर पुढे दोन दिवस गेले. तो दादा रागावला नाही की त्याने स्वतः करूनही दिलं नाही, प्रत्येक प्रश्नाला मलाच उत्तर शोधायला लावलं. असा माणूस मिळाला तर अप्रेंटिसशिपचं, म्हणजे काम करत शिकण्याचं, सोनं होतं, आणि नाही मिळाला तर नुसते एक्सेल शीट भरण्यात वर्ष जातं, तेही माझ्या बॅचमधल्या काहींचं झालंय.

ए-१०४ काकी: बापरे, एवढ्याशा मुलीला असं काम देतात. आणि अभ्यास होतो का ग नीट?

सी-३०१ ताई: होतो काकी पण ओढाताण होते, खोटं कशाला सांगू. कामाचा अभ्यासाला उपयोग होतो हे नक्की. ऑफिसमध्ये एक सर्च स्क्रीन उघडायला फार वेळ घ्यायची, क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे माहिती मागणारी ओळ, तपासली तर प्रत्येक वेळी लाखो ओळींचं अख्खं टेबल वाचत होती, ग्राहक क्रमांकाच्या कॉलमवर इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी यादी, टाकला आणि स्क्रीन झटकन उघडायला लागली. पुढे डेटाबेसच्या पेपरला बी-ट्री, म्हणजे असा इंडेक्स ठेवायची रचना, आला तेव्हा मला ते पाठ करायला लागलं नाही. पण सेमिस्टरची परीक्षा आणि रिलीज, म्हणजे नवीन सॉफ्टवेअर ग्राहकाला द्यायची तारीख, एकाच आठवड्यात आले की झोप नाही. कॉलेजमधल्या मैत्रिणींचे गॅदरिंगचे फोटो बघून वाईट वाटतं. आणि गणपतीत पाच दिवसांची सुट्टी मिळेलच असं नाही, गेल्या वर्षी आंबा घाटातून रात्रीच्या गाडीने आले आणि गौरी जेवल्या तशी परत गेले.

बी-२०२ काका: आमच्या वेळी आयटीआय झालं की अप्रेंटिस म्हणून लागायचो, तेव्हा फोरमन पहिले दोन महिने फक्त फाइल मारायला लावायचा. हे त्यातलंच का?

सी-३०१ ताई: मूळ तेच काका, अप्रेंटिसेस अॅक्ट १९६१ चाच. फक्त आता त्याला डिग्री जोडतायत. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीनेही, म्हणजे युनिव्हर्सिट्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, अप्रेंटिसशिप असलेल्या डिग्रीसाठी नियम काढलेत, त्यात डिग्रीची काही सेमिस्टर्स कंपनीत काढायची आणि त्याचे क्रेडिट मिळतात, म्हणजे ते काम डिग्रीत धरलं जातं. सरकारच्या नॅट्स या अप्रेंटिसच्या पोर्टलवर नोंद असेल तर किमान स्टायपेंडचा निम्मा वाटा सरकार देतं. सगळ्या कंपन्या त्यातून जात नाहीत, काहींचा स्वतःचा कार्यक्रम असतो.

ए-२०१ मावशी: माझ्या नणंदेचा मुलगा इंग्लंडला हेच करतोय, त्याला तर फी शून्य. मग तिकडेच पाठवायचं ना मुलाला?

सी-३०१ ताई: मावशी, तो तिथेच वाढलाय ना, म्हणून त्याला मिळालं. तिकडे २०१५ पासून डिग्री अप्रेंटिसशिप आहे, फी विद्यार्थ्याला भरायची नसते, मोठ्या कंपन्यांकडून २०१७ पासून पगाराच्या बिलावर ०.५ टक्के लेव्ही, म्हणजे एक प्रकारचा कर, घेतात आणि त्यातून हा खर्च निघतो. पण इथून स्टुडंट व्हिसावर जाऊन अप्रेंटिसशिप करता येत नाही. कोणी एजंट तसं सांगत असेल तर त्याच्या नादी लागू नका.

ए-३०३ दादा: आणि आता एआय कोड लिहितोय तर ह्या पोरांना कोण ठेवणार?

सी-३०१ ताई: आम्ही रोज वापरतो दादा. कोड भराभर येतो. पण दुबईच्या ग्राहकाचं काय हा प्रश्न कोणीतरी विचारायला लागतो, आणि आलेलं उत्तर बरोबर आहे का ते तपासायला पाया लागतो. म्हणून मी तर म्हणेन डिग्रीचा अभ्यास आता जास्तच मनापासून करायला हवा.

काकी, मला मनापासून वाटतं की आपल्याकडच्या मुलांसाठी हा रस्ता चांगला आहे, कारण नाहीतरी त्यांना मुंबई-पुण्याला जावंच लागतं आणि पहिली दोन-तीन वर्षं घरच्यांच्या पैशावर काढावी लागतात. पण कागद बघितल्याशिवाय हो म्हणू नका. डिग्री कोणती युनिव्हर्सिटी देणार आणि ती यूजीसीच्या यादीत आहे का, बाँड किती वर्षांचा, म्हणजे किती वर्षं नोकरी सोडायची नाही, मधेच सोडलं तर किती पैसे परत मागणार, आणि कंपनीने काढून टाकलं तर डिग्री पुरी करता येते का. हे शेवटचं कोणी विचारतच नाही आणि तेच महत्त्वाचं आहे. फी असेल तर ती कोणाच्या खात्यावर जातेय तेही बघा.

ए-१०४ काकी: थांब, त्यांनी पाठवलेला कागद टाकते इथे.

ए-१०४ काकी: हे बघ दोन पानं आहेत.

सी-३०१ ताई: वाचलं काकी. यात युनिव्हर्सिटीचं नावच कुठे नाही. ट्रेनिंग पुरं केल्यावर त्यांचं स्वतःचं सर्टिफिकेट मिळेल एवढंच लिहिलंय, आणि नोकरीसाठी 'प्रयत्न करू' असं आहे. पैसे कुणा माणसाच्या नावावर मागितलेत. यांना एक रुपया देऊ नका.

बी-२०२ काका: सांगत होतो ना.

सी-३०१ ताई: पण काका त्याची आवड खरी आहे, ती या कागदामुळे मोडायला नको. काकी, इंजिनियरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचा फॉर्म भरून ठेवा, इथलं फिनोलेक्स कॉलेज पण पसंतीत टाका. सोबत ज्या कंपन्या युनिव्हर्सिटीचं नाव उघडपणे सांगतात त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून अर्ज करायचा, मधे एजंट नको. बहुतेक ठिकाणी मॅथ्स आणि लॉजिकची टेस्ट असते आणि इंटरव्ह्यू. मी रविवारपर्यंत आहे इथे, त्याला उद्या दुपारी पाठवा, बारावीची मार्कशीट आणि लॅपटॉप घेऊन, आपण दोन अर्ज बसून भरू.

ए-१०४ काकी: पाठवते ग. लॅपटॉप नाहीये त्याच्याकडे, चालेल का?

ए-३०३ दादा: माझा घेऊन जा, घरीच आहे मी.